सोने उकरणाऱ्या मुंग्यांच्या मुलखात

श्रीनगरहून लेहकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोनमर्ग लागते. मर्ग म्हणजे कुरण. सोनमर्ग म्हणजे सोन्याचे कुरण. नावात सोने असले तरी तिथे लोक जातात ते हिरवळ आणि बर्फ पाहायला. खऱ्या सोन्याची कहाणी पुढे, जोजिला खिंडीच्या पलीकडे सुरू होते. ती अडीच हजार वर्षे जुनी आहे. तिच्यात नदीकाठची सोनेरी वाळू आहे, ती गोळा करणारी माणसे आहेत आणि त्या माणसांच्या मागे धावणाऱ्या, कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या आहेत.

ही कहाणी पुस्तकात पूर्वी वाचली होती. जुलै महिन्यात मी, मुलांची अम्मी, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा असे आम्ही चौघे कारगिलला गेलो, तेव्हा ती ज्या मुलखात घडली असे म्हणतात तो मुलूख डोळ्यांनी पाहिला.

जोजिला खिंड 3,528 मीटर उंचीवर आहे. खिंडीच्या अलीकडे काश्मीरचे देवदार आणि चिंब डोंगर. पलीकडे गेले की झाडे संपतात. उरतात ते मातकट, राखाडी, कुठे जांभळट दिसणारे उघडे डोंगर आणि पायथ्याला ओहोळांच्या काठाने पसरलेली गवताची पट्टी. मीनामर्ग ओलांडून मटायनच्या अलीकडे गाडी थांबवली. जुहरची वेळ झाली होती. ओढ्याच्या पाण्याने वुजू करताना बोटे बधिर झाली. नमाज आटोपून चटई गुंडाळतो तोच एक तीक्ष्ण शिटी ऐकू आली. मुलाला वाटले, कुणी पोलीस शिटी मारतोय.

शिटी मारणारा प्राणी समोरच्या मातीच्या ढिगावर दोन पायांवर उभा होता. खारीच्या कुळातला, पण मांजराहून मोठा आणि चांगलाच गुबगुबीत. अंगावर पिवळसर नारिंगी केस, पाठ काळपट, शेपटी लांब, पुढचे दोन्ही पाय छातीशी धरलेले. इंग्रजीत याला मार्मोट म्हणतात. आमचा ड्रायव्हर कारगिलचा होता; तो म्हणाला, “जनाब, ही फिया.” लडाखी बोलीतले हे नाव मुलांना लगेच आवडले. एकीने शिटी दिली की बाकीच्या फिया क्षणात बिळात गडप होत आणि थोड्या वेळाने एकेक डोके पुन्हा वर येई. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी ताज्या उकरलेल्या मातीचा ढीग होता. उन्हात ती माती चमकत होती. ते सोने नव्हते, अभ्रक होते. पण चमक पाहिल्यावर जुनी कहाणी आठवल्याशिवाय राहिली नाही.

ती सांगितली हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात. तो लिहितो, की हिंदुस्तानच्या उत्तरेला एक वाळवंटी प्रदेश आहे. तिथे कुत्र्यापेक्षा लहान पण कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्या राहतात. त्या जमिनीत बिळे करताना वाळू वर काढून टाकतात आणि त्या वाळूत सोने असते. तिथले लोक ते आणायला जाताना प्रत्येकी तीन उंट घेतात. दोन्ही बाजूंना नर आणि मध्ये सांडणी. सांडणी अशी निवडायची, की जी नुकतीच व्यालेली आहे आणि जिचे पिल्लू घरी ठेवले आहे. ऊन कडक झाले की मुंग्या जमिनीखाली जातात. तेवढ्यात पोती भरायची आणि परत फिरायचे. मुंग्यांना वास लागतो, त्या बाहेर पडून पाठलाग करतात. नर उंट दमतात, त्यांना सोडून द्यावे लागते. सांडणी मात्र वेग कमी करत नाही, कारण तिला मागे ठेवलेल्या पिल्लाची आठवण असते.

गाडीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलांच्या अम्मीला त्यातली सांडणीच तेवढी खरी वाटली.

ही नुसती ग्रीकांची कल्पना असती तर सोडून देता आली असती. पण महाभारताच्या सभापर्वातही युधिष्ठिराला उत्तरेकडच्या डोंगरी राजांनी ‘पिपीलिक’ नावाचे सोने नजराणा म्हणून आणल्याचा उल्लेख आहे. पिपीलिका म्हणजे मुंगी. सिकंदराचा आरमारप्रमुख निआर्कस याने अशा ‘मुंग्यां’ची कातडी पाहिल्याचे सांगितले, आणि ती बिबट्याच्या कातड्यासारखी होती म्हणाला. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगास्थेनिसने तर त्या लोकांचे नावही दिले : देरदाई, म्हणजे दरद. द्रासच्या लोकांना आजही दरद म्हणतात, आणि त्यांची शिना भाषा दरदी भाषांपैकीच एक आहे. म्हणजे शोध फिरून फिरून याच डोंगरांपाशी येतो.

या कोड्याचे एक उत्तर फ्रेंच प्रवासी मिशेल पेसेल यांनी 1984 साली एका पुस्तकात मांडले. सिंधूकाठच्या दाह, हानू, गारकोन या परिसरात राहणाऱ्या ब्रोकपा लोकांमध्ये ते हिंडले. तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांना सांगितले, की आमचे पूर्वज फियाच्या बिळाबाहेरची माती गोळा करून तिच्यातून सोने काढत. पेसेल यांचा तर्क असा, की फारसी भाषेत या प्राण्याला ‘डोंगरी मुंगी’ अशा अर्थाचे नाव असावे आणि ग्रीकांनी ते शब्दशः घेतले. 1996 साली ते नियंत्रण रेषेपलीकडच्या देवसाई पठारावर गेले आणि हीच ती जागा असे त्यांनी जाहीर केले.

हे पटण्यासारखे आहे, कारण त्यामागे निसर्गाचा साधा हिशेब आहे. काराकोरम आणि हिमालयाचे खडक पाऊस, बर्फ आणि हिमनद्यांनी झिजतात. खडकातले सोन्याचे बारीक कण वाळूबरोबर नदीत येतात. सोने वाळूच्या सातपट जड. त्यामुळे जिथे पाण्याचा जोर कमी होतो, वळणावर किंवा दगडाच्या आडोशाला, तिथे ते तळाशी बसते. हजारो वर्षांत नदी खोल जात राहते आणि तिचा जुना काठ उंचावर कोरडा पडून राहतो. त्या जुन्या काठाच्या पोटात सोन्याची वाळू असते. माणसाला ती वरून दिसत नाही. फिया मात्र घर करायला खोल उकरते आणि आतली माती बाहेर टाकते. तिला सोन्याशी काही देणेघेणे नाही. तिला झोपायला कोरडी, ऊबदार जागा हवी असते.

सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत. काहींच्या मते या ‘मुंग्या’ म्हणजे तिबेटातले खाणमजूरच असावेत. 1867 साली पंडित नैनसिंह रावत तिबेटातल्या ठोक जालुंग या सोन्याच्या खाणीपर्यंत पोहोचले. थंडी आणि वाऱ्यापासून वाचण्यासाठी तिथले मजूर जमिनीत खड्डे खणून त्यात तंबू ठोकत. लांबून पाहणाऱ्याला ती माणसे जमिनीतून बाहेर येणारी वाटली असतील. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, बाबर बादशहाचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुघलात लडाखवर चालून आला होता. त्याने आपल्या ‘तारीख-ए-रशीदी’ या ग्रंथात तिबेटातल्या सोन्याच्या खाणींविषयी लिहून ठेवले आहे. आणखी काही जण म्हणतात, की व्यापाऱ्यांनी ही भीतीची गोष्ट मुद्दाम पसरवली, म्हणजे दुसरे कुणी तिकडे फिरकणार नाही. सोने जिथे असते तिथे भयंकर पहारेकऱ्याची एखादी गोष्टही असतेच. आपल्याकडे गुप्तधनावर नाग बसवतात, तसेच हे.

मटायनच्या त्या कुरणात पहारेकरी आमच्यापुढे उभा होता आणि तो घाबरलेला होता. आमच्या मागून आलेल्या दोन गाड्यांतून आठ-दहा पर्यटक उतरले होते. त्यांनी बिस्किटांचे पुडे फोडले आणि फियाच्या दिशेने फेकायला सुरुवात केली. एक फिया धीट होती, ती जवळ आली. एकाने तिच्याबरोबर फोटो काढण्यासाठी तिच्या आणि बिळाच्या मधोमध बैठक मारली. तिला परत जायला वाटच उरली नाही. ती सैरावैरा धावू लागली तशी हशा पिकला.

तेवढ्यात मेंढ्या घेऊन एक बुजुर्ग आले. डोक्यावर लोकरी टोपी, हातात काठी. त्यांनी सलाम केला आणि अगदी शांतपणे उर्दूत म्हणाले, “बेटा, तिच्या दारातून उठा.” तो तरुण उठला. फिया बिळात शिरली.

आम्ही त्यांना चहा दिला. ते द्रासकडचे होते. मुलीने विचारले, “चाचा, बिस्किट दिले तर काय होते? तिला आवडते की.” ते म्हणाले, “बेटा, आवडते म्हणूनच देऊ नये. ही सात महिने झोपते. तेवढे दिवस अन्न नाही, पाणी नाही. उन्हाळ्यात गवत खाऊन जी चरबी अंगावर चढते तिच्यावरच हिवाळा काढायचा. रस्त्याकडेला बिस्किटाची वाट पाहत बसली तर गवत केव्हा खाणार? आणि मग गाडीखाली येते, ते वेगळेच.”

हेच म्हणणे वन्यजीवांचे अभ्यासक शास्त्राच्या भाषेत मांडतात. गोड आणि खारट खाणे या प्राण्याला मानवत नाही, माणसाची भीती जाते, भटकी कुत्री त्यांना सहज गाठतात. लडाखमध्ये फियाला खाऊ घालू नका असे फलक ठिकठिकाणी दिसतात. त्यांच्या समोरच खाऊ घालणारेही दिसतात. त्यात माणसालाही धोका आहे. मध्य आशियात आणि मंगोलियात या प्राण्यांच्या पिसवांतून प्लेगची लागण झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून हात लावणे, उचलून घेणे हे तर टाळलेच पाहिजे.

आम्ही त्या रात्री द्रासला मुक्काम केला. देशातल्या सर्वांत थंड वस्त्यांपैकी ही एक. जुलैतही रात्री दोन रजया लागल्या. इशाच्या नमाजनंतर मशिदीबाहेर गप्पा निघाल्या त्या अस्वलाच्या. इथे हिमालयातले तपकिरी अस्वल आहे. एरवी ते कंदमुळे खाते, फियाची बिळे उकरते. पण वस्तीबाहेर उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याची, उरलेल्या अन्नाची चटक लागली की ते गावात येते, कोठाराचे दार फोडते, मेंढ्या मारते. मग गावकरी रात्र रात्र जागतात, दगड मारतात, मशाली घेऊन हाकलतात. एक शिक्षक म्हणाले, “अस्वल वाईट झाले नाही, साहेब. त्याला आम्ही आणि तुम्ही मिळून सवय लावली.” तक्रारीचा सूर त्यात नव्हता. पण गाडीतला कचऱ्याचा डबा त्या रात्रीपासून आमच्या मुलाने स्वतःच्या ताब्यात घेतला, तो कोल्हापूरला पोहोचेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कारगिल. गावातून सुरू नदी खळाळत जाते. तिच्या पाण्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. देवसाई पठारावरचे ओढे शिंगो नदीला मिळतात, शिंगो नियंत्रण रेषा ओलांडून इकडे येते, द्रासच्या नदीचे पाणी घेऊन सुरूला मिळते. सुरू पुन्हा रेषा ओलांडून पलीकडे जाते आणि सिंधूत विसर्जित होते. फियाच्या पठारावर वितळलेला बर्फ असा दोनदा सीमा ओलांडतो.

कारगिलहून हंबोटिंगला खिंडीमार्गे बटालिकला गेलो. सुमारे 55 किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता. खाली सिंधू दिसली तेव्हा मुले गप्प झाली. अभ्यासाच्या पुस्तकातली निळी रेघ इथे राखाडी, जाड, गाळाने भरलेली होती आणि तिचा आवाज वरपर्यंत येत होता. दोन्ही काठांवर उंच, सपाट, कोरडे टप्पे; नदीने मागे सोडलेले तिचे जुने काठ. असाच एक टप्पा पेसेल यांनी लांबूनच पाहिला, कारण तो नियंत्रण रेषेपलीकडे होता. 1999 च्या लढाईत याच डोंगरांवर माणसे माणसांवर गोळ्या झाडत होती.

सीमेच्या पलीकडे, गिलगिट-बाल्टिस्तानात, आजही सिंधूच्या वाळूत सोने शोधणारी कुटुंबे आहेत. त्यांना सोनेवाल म्हणतात. हिवाळ्यात पाणी उतरले की ते काठावर तंबू टाकतात. पुरुष वाळू उपसतात, बायका आणि मुले चाळतात. उतरत्या लाकडी पाटावर वाळू टाकून वरून पाणी सोडायचे. हलकी वाळू वाहून जाते, जड काळी रेती राहते. ती पसरट भांड्यात घोळत राहायची. शेवटी तिच्यात पारा मिसळायचा. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. ती गोळी तापवली की पारा उडून जातो आणि सोन्याचा इवलासा मणी उरतो. उडालेला पारा कुठे जातो? तो तापवणाऱ्याच्या छातीत जातो, चुलीभोवती बसलेल्या लेकरांच्या छातीत जातो आणि नदीच्या माशांत जातो.

कोल्हापूरच्या गुजरीत वाढलेल्यांना ही कामगिरी परकी वाटणार नाही. सराफांच्या दुकानांपुढची धूळ, गटाराचा गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडेही असतात. मेहनत तीच, घोळण्याची तऱ्हा तीच, आणि दिवसाच्या शेवटी हाती येणारे सोनेही तेवढेच, गुंजेच्या हिशेबातले. सोन्याच्या जवळ राहणारी माणसे सोन्याने श्रीमंत होतात असे कुठेच दिसत नाही. आदमच्या लेकराला सोन्याने भरलेली एक दरी मिळाली तर तो दुसरीची इच्छा धरेल, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. सिंधूची दरी पाहताना त्या हदीसमधला दरी हा शब्द वेगळाच कळला.

परतीच्या वाटेवर मुलीने एक प्रश्न विचारला. तिने मकतबमध्ये सूरह नम्ल शिकली आहे. नम्ल म्हणजे मुंग्या. त्या सूरहमध्ये हजरत सुलैमान (अ.) आपल्या फौजेसह मुंग्यांच्या दरीत पोहोचतात. एक मुंगी बाकीच्यांना सावध करते, की आपापल्या घरात शिरा, नाहीतर सुलैमान आणि त्यांचे लष्कर नकळत तुम्हाला चिरडून टाकतील. हजरत सुलैमान (अ.) तिचे बोलणे ऐकून स्मित करतात आणि अल्लाहच्या कृपेबद्दल शुक्र अदा करतात. मुलगी म्हणाली, “अब्बा, ग्रीकांच्या गोष्टीत माणसे मुंग्यांना घाबरून पळतात. कुरआनात तर मुंग्या माणसांना घाबरतात. खरे कोणते?”

मी तिला म्हटले, “काल मटायनला काय पाहिलेस ते आठव.” ती म्हणाली, “शिटी.”

तिचे उत्तर बरोबर होते. त्या शिटीचा अर्थ तोच, घरात शिरा, माणसे आली. सोन्याच्या मागे गेलेल्या माणसाने आपली भीती आणि आपला लोभ त्या गवत खाणाऱ्या जिवावर लादला आणि त्याला राक्षस करून टाकले. ज्या बादशहाकडे जिन्न, माणसे आणि पाखरे यांची फौज होती, त्याला मात्र एका मुंगीचे बोलणे ऐकू आले. पृथ्वीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी या तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, अशा अर्थाची शिकवण सूरह अनआममध्ये आहे. उम्मत म्हटले की तिचे घर आले, तिची लेकरे आली, तिचा हिवाळा आला.

जोजिलाखाली सुमारे 13 किलोमीटर लांबीच्या बोगद्याचे काम चालू आहे. हिवाळ्यात बर्फाने खिंड बंद झाली की द्रास आणि कारगिलच्या लोकांचे फार हाल होतात. आजारी माणसाला श्रीनगरला न्यायचे कसे हा प्रश्न उभा राहतो. हा बोगदा त्यांना हवा आहे आणि तो झालाच पाहिजे. पण त्याबरोबर आपल्यासारखे पाहुणेही वाढतील. ईदच्या, दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत अनेक घरांतून कारगिल-लडाखचे बेत ठरतील. त्या घरांसाठी चार गोष्टी. फिया दिसली तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, लांबून पाहा. तिच्या आणि बिळाच्या मध्ये उभे राहू नका. काहीही खायला घालू नका. आणि आपला कचरा, उरलेली बिर्याणी आणि हाडेसुद्धा, पिशवीत बांधून कचऱ्याची नीट सोय असेल त्या गावापर्यंत घेऊन जा. रस्त्याकडेला सोडलेले अन्न सवाब नसून अस्वलाला लावलेले आमिष ठरते.

ब्रोकपांच्या पूर्वजांविषयी जे सांगितले जाते त्यातली एक बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ते बिळे उकरत नसत. फियाने जी माती दाराबाहेर टाकली, तीच ते उचलून नेत. घर तिचे तिला राहू देत. अल्लाहने या जमिनीत माणसाचा वाटा ठेवला आहे यात शंका नाही. तो वाटा बहुतेक वेळा दाराबाहेरच असतो.